काशम्माची ठेव

सोलापूरच्या चाटी गल्लीतलं शिवलिंगप्पा हत्तुऱ्याचं सुताचं दुकान ज्या सकाळी उघडलं नाही, त्या सकाळी आधी कुणाला काही वाटलंच नाही. घरात कुणाचं दुखत-खुपत असेल, म्हणून विणकर पायरीवर बसून राहिले. उन्हं डोक्यावर आली तेव्हा कोर्टाकडून कुणीतरी बातमी आणली. शिवलिंगप्पानं नादारीचा अर्ज दिला होता. घेणेकऱ्यांचं भागवण्याइतकं माझ्याजवळ काही उरलेलं नाही, असं त्यानं सरकारला लिहून दिलं होतं.

पायरीवरची माणसं उठली आणि नुसती दाराकडं बघत राहिली. तीन पिढ्यांचं दुकान ते. पूर्व भागातले तेलुगू विणकर तिथनंच सूत उचलायचे आणि लेकीच्या लग्नाला साठवलेला पैसाही तिथंच ठेवायचे. "तळं आटंल, पर हत्तुऱ्याचं दुकान आटायचं न्हाय," असं लोक म्हणायचे. पण तीस साली सरकारनं शहरात मार्शल लॉ पुकारला, त्या वर्षी बाजार बंद पडला आणि तेव्हापासून सुताचा भाव जो घसरत चालला तो थांबलाच नाही. चढ्या भावानं घेतलेल्या गाठी वखारीत पडून राहिल्या. मुंबईच्या आडत्याची हुंडी थकली. ती भागवायला दुसरीकडून कर्ज काढलं, ते भागवायला तिसरीकडून. शेवटी शिवलिंगप्पाला कळून चुकलं, की आपण भोक पडलेल्या घागरीत पाणी ओततोय, आणि पाणीही दुसऱ्याचंच आहे.

ज्या दिवशी हे कळलं, त्याच दिवशी त्यानं एक काम केलं. ते त्यानं बायकोलाही सांगितलं नाही.

काशम्मा ही बाळीवेशीतली म्हातारी सुईण. तिच्या हातनं अर्ध्या सोलापूरनं जग पाहिलं होतं. शिवलिंगप्पाच्या तिन्ही लेकरांची बाळंतपणं तिनंच केली होती. धाकट्याच्या वेळी त्याची बायको रुद्राणी बाळंतरोगानं हातची जायची वेळ आली होती, तेव्हा ही बाई तिच्या उशाशी बसली ती ताप उतरल्यावरच उठली. एकेका बाळंतपणाला मिळालेला रुपया-दोन रुपये, कुठं लुगडं मिळालं तर ते विकून आलेले चार आणे, असं आयुष्यभर साठवून तिनं सहाशे रुपये शिवलिंगप्पाजवळ ठेवले होते. नवरा नाही, मूल नाही. हात थरथरायला लागतील त्या दिवसांची तेवढीच तजवीज.

शिवलिंगप्पानं सांगोल्याच्या एका दुकानदाराकडची शेवटची वसुली आणली, स्वतःच्या हातातलं सोन्याचं कडं मोडलं आणि सहाशे रुपये फडक्यात बांधून तिच्या घरी नेऊन दिले.

"आत्ताच का रं देतोस?" काशम्मानं विचारलं. "मी कुटं मागितलंय?"

"ठेवून घे. माझ्याकडं आता जागा न्हाय," तो म्हणाला. "आन् कुणाला बोलू नकोस."

घरी येताना त्याला हलकं वाटलं होतं. सगळं बुडतंय, पण एक तरी चांगलं काम हातून झालं. देवापुढं उभं राहायला तेवढं पुरेल, असं त्याला वाटलं.

अर्ज दिल्यावर कोर्टानं एका वकिलाला रिसीव्हर नेमलं. आता दुकान, वखार, घर, सगळं त्या रिसीव्हरच्या ताब्यात. ते सरळ, कमी बोलणारे गृहस्थ होते. ते कारकून आणि बेलीफ घेऊन घरी आले. तिजोरी निघाली, दिवाणखान्यातला आरसा निघाला, झोपाळ्याच्या पितळी कड्या निघाल्या. लेकीच्या रुखवतासाठी घेऊन ठेवलेली भांडी निघाली, तेव्हा रुद्राणी भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मग बेलीफ स्वयंपाकघरात शिरला. तिनं गळ्यातलं मंगळसूत्र मुठीत धरलं.

"बाई, ते राहू द्या," रिसीव्हर बाहेरूनच म्हणाले. "मंगळसूत्र कोर्ट घेत नाही. रोजची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे, यांनाही हात लावायचा नाही. कायद्यानंच ते सोडलंय."

शिवलिंगप्पा ऐकत राहिला. ज्या कायद्यानं तीन पिढ्यांचं घर एका सकाळी उचललं, तो कायदा रुद्राणीच्या तव्यापाशी येऊन थांबला होता. कुठं दिल्लीत की विलायतेत बसून कुणीतरी हे लिहिलं असेल. त्याला ना शिवलिंगप्पा माहीत, ना रुद्राणी. तरी त्या माणसाला तव्याची आठवण राहिली. शिवलिंगप्पाच्या अंगावर काटा आला. आजवर त्याला कोर्ट म्हणजे मोठ्या माणसांनी लहानांना बडवायची काठी वाटत आली होती.

जाण्यापूर्वी रिसीव्हरांनी त्याला समोर बसवलं.

"शेवटचा प्रश्न. गेल्या तीन महिन्यांत कुणा एकाचं देणं पुरतं फेडलंत का? कुणाला काही दिलंत, लिहून दिलंत? नीट आठवून सांगा. हे शपथेवर आहे."

शिवलिंगप्पाचा हात आपोआप छातीवरच्या इष्टलिंगाकडं गेला. "न्हाय," तो म्हणाला.

रिसीव्हरांनी ते लिहून घेतलं.

पुढचे महिने कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. घर लिलावात गेलं. बिऱ्हाड एका खोलीत आलं. रस्त्यात ओळखीची माणसं दिसली की शिवलिंगप्पा बोळात शिरायचा. पण बोळात तरी कुठवर शिरणार? एकदा भर बाजारात गोजरबाईनं त्याला गाठलं. ही जेऊरची विधवा. नवऱ्यामागं वाट्याचं शेत विकून आलेला पैसा तिनं लेकीच्या लग्नासाठी त्याच्याकडं ठेवला होता.

"माज्या पोरीची सुपारी फुटली हुती," ती ओरडली. "पावनं माघारी गेलं. आता तिच्याशी कोन लगीन करनार, तू का?"

माणसं थांबून बघायला लागली. शिवलिंगप्पा खाली मान घालून उभा राहिला. ती त्याच्या पायापाशी थुंकली आणि निघून गेली. त्या दिवसापासून तो बोळात शिरायचा बंद झाला. शिरून उपयोग नव्हता.

मनात मात्र एक कोपरा उबदार होता. काशम्माचे सहाशे वाचले. बाजारातून शिव्या खाऊन आला की तो त्या कोपऱ्यात जाऊन बसायचा.

मग घेणेकऱ्यांच्या मागण्या नक्की करायची तारीख आली. जिल्हा कोर्टाचं ते मोठं दालन माणसांनी भरून गेलं होतं. पुढं मुंबईच्या आडत्याचा गुमास्ता कोट-टोपी घालून बसला होता. त्याच्यामागं विणकर, गोजरबाई, गिरणीतले दोन जॉबर-मुकादम, वखारीचा हमाल मल्लप्पा. एकेकाचं नाव पुकारलं जाई. तो पुढं येई, आकडा सांगे, अंगठा उठवून मागं सरे. शिवलिंगप्पा बाजूला उभा होता. त्याला प्रत्येक नाव ओळखीचं होतं, पण इतकी माणसं एका छताखाली त्यानं कधी पाहिली नव्हती. दुकानात ती एकेक करून यायची. आज ती सगळी मिळून आली होती, आणि त्यांच्या मधोमध उभं राहून त्याला पहिल्यांदा कळलं, की आपलं देणं म्हणजे आकडा नव्हता. एवढी मोठी वस्ती होती.

नावं संपली. कारकुनानं कागद गोळा केले. तेवढ्यात मागून आवाज आला, "माजं नाव न्हाय आलं."

काशम्मा गर्दीतून वाट काढत पुढं आली. कारकुनानं पुन्हा कागद चाळले. "आजी, तुमचं नाव यादीत नाही."

"ठावं हाय मला. म्हनून तर आले." तिनं पदराआडनं फडकं काढलं आणि टेबलावर ठेवलं. गाठ तशीच होती, शिवलिंगप्पानं मारलेली. "ह्ये सहाशे रुपये. अर्ज द्यायच्या आधी यानं मला आनून दिले. बाकीच्यांच्यात घाला."

पुढं बसलेला गुमास्ता मान उंचावून फडक्याकडं बघायला लागला.

शिवलिंगप्पाचा वकील त्याच्या कानाशी लागला. "घाबरू नका. पावती आहे का? नाही. साक्षीदार आहे? नाही. म्हातारीला भ्रम झालाय, पैसे तिचेच आहेत, एवढंच म्हणा. हो म्हणालात तर शपथेवर खोटं बोलल्याबद्दल आत जाल."

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "बाई, हे पैसे कुणी मागितले नव्हते तुमच्याकडे. का आणलेत?"

काशम्मा जरा घुटमळली. मोठ्या माणसासमोर कसं बोलावं याचा ती विचार करत असावी. मग नेहमीसारखंच बोलली.

"सायेब, गेल्या पंधरवड्यात मी ह्या नरसय्याच्या घरी गेले हुते. बाळतपनाला." तिनं मागं बसलेल्या विणकराकडं बोट केलं. "घरात दोन माग हुते, एकच राहिलाय. दुसरा इकला. याचे नव्वद रुपये शिवलिंगप्पाच्या दुकानात अडकलेत. बाळतिणीला द्यायला घरात तूप न्हाय, गूळ न्हाय. मी माज्या घरनं शेंगा नेल्या, कुटून दिल्या. प्वार जलमलं, लई गोड प्वार. नरसय्या माज्या पाया पडला. म्हनला, आज्जी, तुजं पन बुडालं असंल की. आन् मी," ती थांबली, "मी व्हय म्हनाले."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"ह्या हातानं लेकरू धरलं आन् त्याच तोंडानं खोटं बोलले. बुडालं सगळ्यांचं, आन् माजं तेवढं मडक्यात. मग मी दुसऱ्या कुनाच्या घरी कशी शिरू? ही समदी माजीच घरं हायती."

"तुमच्या या बोलण्यानं शिवलिंगप्पांचं काय होईल, माहीत आहे?"

"व्हय. सांगितलंय मला. याची लेकरं माज्याच हातची हायती. म्हनून मागनं न्हाय सांगितलं, तोंडावर सांगितलं."

शिवलिंगप्पा तिच्याकडं बघत होता. ही बाई त्याला आयुष्यभर माहीत होती. गुडघे धरून चालणारी, पान खाऊन दात लाल केलेली, बारशाला आली की कोपऱ्यात बसून जेवणारी. आत्ता ती त्या उंच छताखाली उभी होती आणि छत बुटकं वाटत होतं. त्यानं तिला जे दिलं होतं ते त्याच्या लेखी पुण्य होतं. पण ते त्याचं नव्हतंच. नरसय्याच्या बायकोच्या वाटचं तूप होतं ते, गोजरबाईच्या पोरीचा शालू होता. दुसऱ्यांच्या ताटातलं उचलून त्यानं दान केलं होतं, आणि त्या दानाच्या उबेला बसला होता. हे त्याला कुणी वकिलानं समजावलं नव्हतं. एका म्हाताऱ्या सुइणीनं फडकं टेबलावर ठेवलं, तेव्हा लख्ख दिसलं.

"शिवलिंगप्पा," जज्जसाहेब म्हणाले, "ही बाई सांगते ते खरं आहे?"

वकिलानं त्याची बाही ओढली.

"खरं हाय," शिवलिंगप्पा म्हणाला. "मी खोटं बोललो. शपथ घिऊन बोललो."

मग एकच कालवा झाला. गुमास्ता उठून उभा राहिला. एक लपवलं तर आणखी किती लपवलं असेल, याच्यावर खटला भरा, असं तो इंग्रजीत आणि मग मराठीत म्हणाला. "घाला तुरुंगात!" गोजरबाई मागून ओरडली. पट्टेवाल्यानं दोनदा गप्प केलं तेव्हा दालन शांत झालं. जज्जसाहेबांनी बाकीच्यांकडं पाहिलं. "आणखी कुणाला काही म्हणायचंय?"

मग नरसय्या उठला. आधी काशम्माकडं बघून त्यानं हात जोडले, आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "सायेब, तुरुंगातनं माझा नव्वद रुपया येत नाही. हा मानूस बाहेर असला तर कायतरी कामाला येतो. आत असला तर सरकारच त्याला जेवन घालतो."

कुणीतरी हसलं. जज्जसाहेबही किंचित हसले असावेत, पण लिहायला लागल्यावर त्यांचा चेहरा पुन्हा कोर्टासारखा झाला. त्यांनी हुकूम वाचून दाखवला. सहाशे रुपये रिसीव्हरकडं जमा व्हावेत आणि काशम्माचं नाव बाकीच्या घेणेकऱ्यांबरोबर यादीत यावं. नादार इसमानं भर कोर्टात स्वतः कबुली दिली म्हणून खटला भरायचा नाही. पण त्याला देण्यातून मोकळं करण्याचा विचार आणखी दोन वर्षं होणार नाही.

"एकावर दया करण्यासाठी तुम्ही बाकीच्या सगळ्यांना फसवलंत," ते शेवटी म्हणाले. "दया होती म्हणून ती फसवणूक राहिली नाही, असं होत नाही. समजलं?"

"समजलं, सायेब," शिवलिंगप्पा म्हणाला. आणि खरंच समजलं होतं.

लिलावाचे पैसे जमले तेव्हा रुपयाला तीन आणे वाट्याला आले. वाटपाच्या दिवशी रिसीव्हरांच्या ओसरीवर रांग लागली. शिवलिंगप्पाला तिथं जायची गरज नव्हती, पण तो गेला आणि खांबाला टेकून उभा राहिला. मुंबईच्या गुमास्त्याला रुपयाला तीन आणे, हमाल मल्लप्पाला तीन आणे, गोजरबाईला तीन आणे. तिनं मोजून घेतले आणि त्याच्याकडं न बघता गेली. काशम्मा रांगेत शेवटी होती. आयुष्यभराच्या ठेवीतले शंभरावर थोडे रुपये तिनं त्याच फडक्यात बांधले, आणि "चला, मला पाच्छा पेठेत जायचंय, पोरगी अडलीय," म्हणत गुडघे धरून पायऱ्या उतरली. शिवलिंगप्पा ती वळणापलीकडं जाईपर्यंत बघत राहिला. देवळात पालखी पुढं गेल्यावर माणसं जशी बघत राहतात, तसा.

पोटासाठी त्यानं एका वखारीत गाठी मोजायचं काम धरलं. वर्षभरानं नरसय्या तिथं आला, बरोबर चार-पाच विणकर.

"आमी समदे मिळून सूत घेनार," नरसय्या म्हणाला. "व्यापारी नको. उधारी नको. पन आमाला खरेदी कळत नाही. तू चल."

शिवलिंगप्पा गडबडला. "मी? अरं, मी तुमचं बुडवलंय की."

"म्हनून तर. तुला बुडायचा रस्ता म्हाईत हाय." नरसय्यानं बोट वर केलं. "पन ऐक. तू भाव बघ, माल बघ. पैशाला हात लावायचा नाही. पैसा माझ्याकडं."

बाकीचे गंभीरपणे माना हलवत होते. शिवलिंगप्पाला त्या अटीचा राग आला नाही. ज्यांचं आपण नेलं, ती माणसं आपल्याला शोधत आली होती. माफी द्यायला नव्हे, कामाला लावायला. माफी मागायची तयारी त्यानं कितीदा तरी मनात केली होती. पण याला काय म्हणायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं डोक्याला रुमाल बांधला आणि तो त्यांच्याबरोबर निघाला.

दोन वर्षं सरली. कोर्टानं त्याला पुन्हा बोलावलं. रिसीव्हरांनी अहवाल दिला. यावेळी हरकत घ्यायला गुमास्ता आला नव्हता. गोजरबाई मात्र जेऊरहून आली होती. "मी राजी हाय म्हनून लिहू नका," एवढंच ती म्हणाली. तिची पोर अजून घरीच होती. जज्जसाहेबांनी तेही लिहून घेतलं आणि मग शिवलिंगप्पाला देण्यांतून मुक्त केल्याचा हुकूम सांगितला. एका दमात, पुढच्या कामाचे कागद हातात घेता घेता.

शिवलिंगप्पा हलेना. "झालं, जा," पट्टेवाला म्हणाला.

तो बाहेरच्या लिंबाखाली येऊन उभा राहिला. ज्या ओझ्यानं घर गेलं, नाव गेलं, एका पोरीचं लग्न मोडलं, ते एका वाक्यानं उतरलं होतं. आणि तरीही गोजरबाई समोरून चालली होती, पाठीला बोचकं बांधून, स्टेशनकडं. तिचं काहीच उतरलं नव्हतं. कायद्याचा हात केवढा लांब, आणि केवढ्याशा जागी तो संपतो, याचा त्याला अचंबा वाटत राहिला. त्यानं तिला हाक मारली नाही. हाक मारून बोलायला आज तरी त्याच्याजवळ काही नव्हतं. पण ती दिसेनाशी होईपर्यंत तो तिथून हलला नाही.

घरी रुद्राणीनं हुकमाचा कागद दोन्ही हातांनी घेतला. तिला वाचता येत नव्हतं.

"ह्यो कुटं ठेवायचा? देवापुढं, का पेटीत?"

शिवलिंगप्पानं विचार केला. त्यालाही सांगता येईना. तो कागद देवाचा नव्हता आणि दागिन्यासारखा जपायचाही नव्हता. दोघं काही वेळ त्याच्याकडं बघत बसली, आणि मग कशानं कोण जाणे, रुद्राणीला हसू फुटलं. घर गेल्यापासून ती हसली नव्हती.

"आदी जेवून घ्या," ती म्हणाली आणि तिनं भाकरी तव्यावर टाकली.

पहिला घास तोंडात जातो न जातो तोच दारात नरसय्या. स्टेशनच्या मालधक्क्यावर सुताच्या गाठी उतरल्या होत्या, आणि विणकर गाड्या घेऊन खोळंबले होते. शिवलिंगप्पानं उरलेली भाकरी मोडून घाईनं संपवली, हात धुतला आणि तो स्टेशनच्या वाटेला लागला.